आईला जुन्या घरात नेऊन आणलं

मागच्या मे महिन्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी ती लातूरच्या आमच्या फ्लॅटच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आता सगळं लख्ख दिसायलंय. पण जे बघावं वाटतंय ते हाय कुठं?" काय बघायचंय विचारलं, तर म्हणाली, "आपलं माळवद."

आमचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात पडलं. अनंत चतुर्दशीची रात्र होती, गणपती बोळवून गाव झोपलेलं. पुनर्वसन झालेल्या ५२ गावांपैकी आमचं एक, आता लोहारा तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं शेजारच्या घरांचा विषय येणार आहे आणि मी सगळ्यांना विचारलेलं नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आजी आणि दोन चुलत भावंडं त्या घरातून बाहेर आली नाहीत. घराचा एकही फोटो नाही. जे दोन होते, ते त्याच घराच्या भिंतीवर टांगलेले होते.

भाच्यानं आईचं बोलणं ऐकून मोबाईलवर एआयकडून एक चित्र करून घेतलं. चित्र देखणं होतं. कमानी, झुंबर, अंगणात संगमरवरी तुळस. आईनं ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं घर?"

तेव्हा मला सेकंड लाइफ आठवलं. २००९ मध्ये पुण्यात कोर्स करत असताना मैत्रिणीच्या संगणकावर ते पाहिलं होतं. लिंडेन लॅबनं २००३ साली सुरू केलेलं हे आभासी जग आजही चालू आहे. त्यात आपण एका बाहुल्याच्या रूपानं चालतो, बोलतो, आणि ठोकळे जोडून घरं बांधतो. मी बारा वर्षं एका हिशेबाच्या ऑफिसात काम करते. टॅली आणि एक्सेलच्या पलीकडचं संगणकाचं ज्ञान मला नव्हतं. तरी हे जमलं, म्हणून ज्यांच्या घरात असंच एखादं गेलेलं घर आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहून ठेवते.

सेकंड लाइफमध्ये स्वतःची जमीन हवी असेल तर दरमहा डॉलरमध्ये पैसे भरावे लागतात. भरणं थांबलं की जमीन जाते आणि तिच्यावरचं घर उचललं जातं. एकदा गेलेलं घर पुन्हा कुणाच्या भाड्याच्या जागेवर उभं करायचं, हे माझ्या मनाला पटेना. शोधताना ओपनसिम्युलेटर सापडलं, बोलताना सगळे ओपनसिमच म्हणतात. २००७ च्या जानेवारीत लिंडेन लॅबनं आपल्या व्ह्यूअरचा, म्हणजे ते जग बघायच्या प्रोग्रामचा, सोर्स कोड खुला केला आणि त्याच वर्षी ओपनसिमचं काम सुरू झालं. ते फुकट आहे आणि आपल्याच घरच्या संगणकावर चालतं. जग आपल्या कपाटात राहतं म्हणा ना.

पण आधी नकाशा. ९ जूनला मी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात अर्ज दिला. साधा कागद, कोर्ट फी स्टॅम्प, आधारची झेरॉक्स. वीस दिवसांनी नक्कल मिळाली ती नव्या गावठाणाची, ओळीनं आखलेल्या प्लॉटांची. चूक माझी होती. अर्जात मी नुसतं 'गावठाणाचा नकाशा' लिहिलं होतं. दुसऱ्या अर्जात 'पुनर्वसनापूर्वीचे जुने गावठाण दर्शवणारा गाव नकाशा' असं लिहिलं, जुन्या सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर घातला, आणि १८ जुलैला नक्कल हातात आली. कुणी अर्ज करणार असाल तर 'पुनर्वसनापूर्वीचे' हा शब्द विसरू नका. तीन फेऱ्या, फी, झेरॉक्स आणि एसटीचं अर्धं तिकीट धरून ४१० रुपये गेले.

नकाशा उलगडला आणि माझा जीव खाली बसला. ओढा होता, बांध होते, शिवरस्ता होता, विहिरी होत्या. मधे जिथं गाव असायला हवं तिथं एक रिकामी वाकडीतिकडी आकृती आणि आत एकच शब्द, गावठाण. गाव नकाशा शेताचा असतो. घरं त्यात नसतात. हे खिडकीतल्या कारकुनांनी मला शांतपणे समजावून सांगितलं आणि म्हणाले, "ताई, घरं तुम्हाला माणसांकडूनच मिळतील."

अर्ज फिरत होता तेवढ्या काळात सॉफ्टवेअर बसवून घेतलं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी डोक्यात पक्कं करा. ओपनसिम हा सर्व्हर, त्याच्यात जग असतं. त्याला चित्र नाही, नुसती काळी खिडकी आणि अक्षरं. त्या जगात शिरायला व्ह्यूअर लागतो, तो वेगळा उतरवायचा. ओपनसिमची ०.९.३ ही आवृत्ती घेतली, तिला आधी मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट ८ लागतं. पहिल्यांदा सुरू केलं की ते एकामागून एक प्रश्न विचारतं: रीजनचं म्हणजे आपल्या जमिनीच्या तुकड्याचं नाव काय, पोर्ट कुठलं, इस्टेटचा मालक कोण. बहुतेक प्रश्नांपुढं कंसात सुचवलेलं उत्तर असतं, तिथं नुसतं एंटर दाबा. नावं मात्र रोमन लिपीतच द्या. मालकाचं नाव आणि पासवर्ड वहीत लिहा, कारण त्याच नावानं नंतर आत शिरायचं असतं.

व्ह्यूअर म्हणून फायरस्टॉर्म घेतलं. त्याच्या दोन आवृत्त्या मिळतात. हॅवॉक नावाच्या फिजिक्स इंजिनच्या परवान्यामुळे त्यातली एक फक्त सेकंड लाइफला चालते. मी नेमकी तीच उतरवली आणि माझ्या सर्व्हरचा पत्ता टाकायची जागा शोधत दोन संध्याकाळी घालवल्या. 'ओपनसिम' असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या. शिवाय पीबीआर ही नवी प्रकाशाची पद्धत आल्यापासून व्ह्यूअर जुन्या यंत्रांना जड झालेत. माझ्या २०१९च्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती अडखळत चालायची, म्हणून मी त्याआधीच्या ६.६.१७ वर गेले. पुढं डेस्कटॉपला जुनं ग्राफिक्स कार्ड ४,८०० रुपयांना घेतलं. ते नसतं तरी सावल्या बंद करून आणि ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबचं दिसावं ते, ६४ मीटरवर आणून भागलं असतं.

एक रीजन २५६ मीटर बाय २५६ मीटर असतं. आमची गल्ली, मारुतीचं देऊळ आणि आड त्यात आरामात मावतात. सुरुवातीला समुद्रात एक गोल टेकडी दिसते. काळ्या खिडकीत 'टेरेन फिल २२' लिहिलं की सगळं सपाट होतं.

बांधकामाला लागले तेव्हा कळलं की आईकडं फूट आणि मीटर नाहीत, खण आणि हात आहेत. आमच्याकडं घराचं माप खणात सांगतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खण केवढा? आई म्हणाली, साडेतीन हात. मग आईचाच हात मापला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ४३ सेंटिमीटर. म्हणजे खण साधारण दीड मीटरचा. भिंती दोन हात जाड, ८६ सेंटिमीटर. दाराची उंची तिला सांगता येईना, पण म्हणाली, "मी पदर धरून वाकायची." तिची उंची दीड मीटर. दार १.४५ ठेवलं.

इथं एक वाद आहे. आभासी जगात मुरलेले लोक सांगतात की घर खऱ्या मापाच्या दीडपट बांधा, कारण कॅमेरा बाहुल्याच्या मागं आणि वर असतो, खऱ्या मापाच्या खोलीत तो छताला अडकतो. ते खरंच आहे. माझाही कॅमेरा सारखा माळवदाच्या मातीत घुसायचा. पण ज्या दारात वाकावं लागत नाही ते आमचं दार नव्हे. मी माप बदललं नाही. घरात शिरलं की 'एम' ही कळ दाबायची. मग कॅमेरा बाहुल्याच्या डोळ्यांतून बघतो आणि अडचण राहत नाही. जुनी घरं बांधणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे.

ऑगस्टभर रोज रात्री नऊ ते साडेदहा बांधत राहिले. दाराजवळची बैठकीची ढाळज, चौक, सोपा, माजघर, धान्याचं बळद, भिंतीतल्या देवळ्या, छतात उजेडाला ठेवलेलं साणं. दारावर अण्णांनी खडूनं लिहिलेलं 'श्री गणेशाय नमः' होतं, ते लिहायला गेले तर व्ह्यूअरमध्ये देवनागरीचं जोडाक्षर फुटलं. यावर एकच उपाय सापडला, मजकुराचं चित्र करायचं. मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं काढून पीएनजी केली, ५१२ बाय ५१२ ची. चित्राच्या बाजू २५६, ५१२, १०२४ अशाच ठेवा, नाहीतर व्ह्यूअर स्वतःच लहानमोठं करून अक्षरं पुसट करतो.

मग सप्टेंबर आला. मराठवाड्यात ज्यांनी तो पाऊस पाहिला त्यांना सांगायला नको. शेतं वाहून गेली, माणसांचे संसार वाहून गेले, त्यापुढं माझं नुकसान काहीच नाही. पण त्या दिवसांत वीज सारखी जात होती आणि एका रात्री सर्व्हर चालू असतानाच गेली. सकाळी सुरू केलं तर डेटाबेसची फाइल बिघडलेली. शेवटची प्रत ३१ ऑगस्टची होती. तीन आठवड्यांचं काम गेलं. माजघर आणि सगळ्या देवळ्या. मी दोन दिवस संगणकाला हात लावला नाही. आईला सांगितलंही नाही. घर पुन्हा पडलं, हे वाक्य मला तिच्यापुढं उच्चारायचं नव्हतं.

तेव्हापासून नियम. काम संपलं की काळ्या खिडकीत 'सेव्ह ओएआर' (save oar) आणि तारखेचं नाव. या एका फाइलमध्ये जमीन, घरं, चित्रं, सगळं येतं. माझी आज ३८ एमबीची आहे. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक बहिणीकडं. सर्व्हर बंद करताना खिडकीची फुली दाबू नका, 'शटडाउन' लिहा. आणि यूपीएस घ्या, मला ३,४०० रुपयांना मिळाला.

३० सप्टेंबरला दरवर्षीप्रमाणं गावी गेलो. स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली झाल्यावर मी आणि शेजारचे काका जुन्या गावठाणात गेलो. बाभळी माजल्यात, पायाचे दगड मात्र जागोजागी दिसतात. काकांनी चिखलातून पावलं मोजून आमच्या ढाळजेपासून मारुतीच्या पारापर्यंतचं अंतर दिलं, ७१ पावलं. तिथल्या काळ्या दगडांचे मी फोटो काढले. आभासी घराच्या भिंतींवर आज तेच दगड आहेत. फोटो ढगाळ दिवशी काढा. उन्हात काढले तर दगडांवर सावल्या पक्क्या बसतात आणि भिंत खोटी वाटते.

खांबांच्या डोक्यावर नक्षी होती. ती साध्या ठोकळ्यांत होईना, म्हणून ब्लेंडर हे त्रिमितीय आकार घडवायचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत पहिला खांब झाला. नोव्हेंबरात ब्लेंडर ५.० आलं, मी लगेच नवं बसवलं, आणि कोलाडा या प्रकारची फाइल करायचा पर्यायच गायब. माझा व्ह्यूअर तर खांब कोलाडा फाइलमधूनच घेतो. ५.० मधून तो काढून टाकलाय हे समजायला आठ दिवस गेले. मग ४.५ एलटीएस पुन्हा बसवलं. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी राहू शकतात. ओपनसिमसाठी काम करणाऱ्यांनी ४.५ जपून ठेवावं. आणखी एक, लांबून बघितलं की माझे खांब फुटक्या काचेसारखे दिसायचे. अपलोडच्या खिडकीत एलओडीचे, म्हणजे लांबून किती बारकावा दिसावा त्याचे, खालचे आकडे वाढवल्यावर ते सावरले.

२१ डिसेंबर, रविवार. जेवणं झाल्यावर आईला खुर्चीत बसवलं. तिच्यासाठी दीड मीटर उंचीचं बाईचं रूप केलं होतं, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. बाणाच्या चारच कळा दाखवल्या. ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती. पहिलं वाक्य निघालं, "तेरणा इतकी कवा वाढली?" तेरणा आमच्याकडची नदी. रीजनच्या चारी बाजूंना समुद्र असतो हे मी सवयीनं विसरून गेले होते. पाण्याची पातळी तिथल्या तिथं शून्यावर आणली. रीजन आणि इस्टेटच्या खिडकीत टेरेनखाली तो आकडा असतो.

आई चालायला लागली. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, ती चुका काढायला लागली. ढाळजेतून चौकात आली आणि थांबली. "जातं हितं न्हवं. त्या अंगाला." मी वही उघडली. तिनं तीनदा सांगितलं होतं, जातं डाव्या हाताला. ती म्हणाली, "आगं, मी चुलीपाशी बसून सांगायलाव. तू दारातून बघायलीस." सहा महिने ती माजघरात बसून बोलत होती आणि मी वेशीतून आत येऊन काढत होते. जातं, पाण्याचा रांजण, बाळंतिणीची खोली, सगळं उलट्या हाताला बसलं होतं. वहीत, बोलण्यात, काकांच्या पावलांत कुठंच हे उघडं पडलं नव्हतं. ती चालल्यावर पडलं. पुढचा तासभर मी प्रश्न विचारले नाहीत. ती चालत गेली आणि बोलत गेली. उंबऱ्याजवळचा खिळा, ज्याला अण्णा टोपी अडकवायचे. बळदाच्या तोंडाला लावलेलं जुनं धोतर. कुणाकडूनही सांगून आल्या नसत्या अशा गोष्टी. घर बांधून झाल्यावर दाखवायचं, हे माझं चुकलं. पहिली भिंत उभी राहिली की माणसाला आत न्या. चालणाऱ्याला आठवतं.

एक मात्र मनापासून सांगते. या जगातलं दिवसरात्रीचं चक्र आपल्या घड्याळानं चालत नाही. आई देवघरापाशी असताना एकाएकी अंधारून आलं. छत काळं झालं. तिनं कळांवरचा हात काढून घेतला आणि म्हणाली, "बाहेर काढ मला." मी लॅपटॉप मिटला. त्या रात्री ती उशिरापर्यंत जागी होती, मीही. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड मेन्यूतल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जाऊन कायमची दुपार लावली. भूकंप, पूर, आग यांतून वाचलेल्या माणसाला आत नेणार असाल तर ही गोष्ट आधी करा. मी आधी करायला हवी होती.

नाताळच्या आठवड्यात सगळं आरशासारखं उलटवलं. आईनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, त्या मोबाईलवर घेऊन ऑडासिटीत छोटे तुकडे केले, वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. जात्याला हात लावला की एलएसएल या तिथल्या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या पाच ओळींच्या स्क्रिप्टमुळे तिचा आवाज येतो. ती स्वतः मात्र जात्याला हात लावत नाही. म्हणते, माझाच आवाज काय ऐकायचा.

आता नांदेडच्या आत्याला आत आणायचं होतं. आमच्या ब्रॉडबँडला बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र पत्ता नाही, बहुतेक घरगुती कनेक्शनचं असंच असतं. असा पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, घ्यायला महिन्याला वेगळे पैसे पडतात. त्याऐवजी लांबचे संगणक खासगी जाळ्यात जोडणारं टेलस्केल वापरलं, घरगुती वापराला फुकट आहे. दोन्ही संगणकांवर बसवलं की प्रत्येकाला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो. माझ्या संगणकाचा तो पत्ता ओपनसिम डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये बेस होस्टनेम म्हणून आणि रीजनच्या फाइलमध्ये एक्स्टर्नल होस्टनेम म्हणून, असा दोन्हीकडं लिहायचा. एकाच ठिकाणी लिहिला तर लॉगिन अर्ध्यात लटकतं. मी तीन रात्री तिथंच होते. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ९००० पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा. तिकडं आत्याच्या नातवानं फोनवर माझं ऐकून सगळं बसवलं.

११ जानेवारीला दुपारी तीन वाजता आत्या ढाळजेत उभी राहिली. मोबाईल स्पीकरवर ठेवला होता. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनी, तुमी कुठं हाव?" आई म्हणाली, "चौकात हाय बग, ये." लग्न होऊन गेलेली नणंद ३२ वर्षांनी माहेरच्या चौकात आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि मी खोलीतून उठून गेले.

परत आले तेव्हा दोघींचं वाजलं होतं. आत्याला माळवदावर जायचं होतं, जिथं ती कुरडया राखायला बसायची. मी वर जायची वाट बांधलीच नव्हती. म्हटलं, आत्या, 'एफ' दाबा, उडता येतं. "उडून न्हाई," आत्या म्हणाली, "पायऱ्यांनं जायचं." पायऱ्या दगडी होत्या, परसाच्या भिंतीला लागून, यावर दोघींचं एकमत. आई म्हणते अकरा होत्या, आत्या म्हणते तेरा.

पुढच्या रविवारी उमरग्याहून चुलते येणार आहेत, त्यांना विचारू. तोवर अकरा बांधल्यात. आणखी दोन दगड तयार करून भिंतीशी टेकवून ठेवलेत.